पाचवा भाग रिकामा

मी वालूर सोडलं त्या सकाळी माझ्या वडिलांनी, आण्णांनी, दुकान लवकर उघडलं, ते गिऱ्हाइकासाठी नव्हे, मला ज्वारी मोजून द्यायला. निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं होतं. माझं सातवीपर्यंतचं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि ज्या कचेरीत त्या उर्दूवर मला चिकटायचं होतं तिथले कागदच बदलून गेले होते. मुंबईला गेलेल्या एका गाववाल्याचं बोलावणं आलं आणि मी निघालो. आण्णांनी पायली भरली, वर शीग चढवली, शिगेवरून दाणे घरंगळायला लागले तरी आणखी एक ओंजळ टाकली आणि ते सगळं माझ्या पोत्यात रिचवलं. "कुटंबी ऱ्हा दत्तू, पण माप कमी देऊ नगंस," म्हणाले. मी चाललो होतो हमाली करायला. मी कुणाला काय मोजून देणार होतो देव जाणे, पण 'हो' म्हणालो.

माय चुलीपुढून उठली नाही. भाकरी थापता थापताच म्हणाली, "पोचलास की दोन ओळी टाक." मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर सेलूची गाडी चुकली असती.

तुम्ही जे गावात राहिलात त्यांना आण्णांचं दुकान माहीत आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्या लेकरांसाठी सांगतो. दुकान राकेलचं, आणि सोबत गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा धंदा. लग्न असो, भजन असो, बत्त्या आण्णांच्या. राकेल देताना माप काठोकाठ भरल्यावरही ते वरून एक धार सोडत. ही धार गिऱ्हाइकाचा हक्क होता. ज्या दुकानदाराच्या मापाला धार नाही त्याच्याबद्दल आमच्याकडे लोक कसं बोलतात ते मी लिहीत नाही. आण्णांना गावात मान होता तो त्या एका धारेचा होता, आणि त्यांना स्वतःलाही दुसऱ्या कशाचा अभिमान नव्हता.

मुंबईत राकेलला घासलेट म्हणतात हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. 'कामून' म्हटलं की माणसं तोंडाकडे बघायची, म्हणून मी 'का' म्हणायला शिकलो. सहा-सात वर्षं गोदीत ओझी वाहिली. पुढं मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच सुमाराला मला खाडीकाठच्या एका गॅसच्या कारखान्यात काम लागलं. तिथं लोखंडी टाक्यांत स्वयंपाकाचा गॅस भरायचा. खिशात काडीपेटी सापडली की त्याच दिवशी घरी. पायात खिळ्याची चप्पल चालायची नाही, पाने-हातोड्या पितळेच्या, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी. टाकी काट्यावर ठेवायची, नळी जोडायची, आणि काटा खुणेवर आला की क्षणभरही न थांबता चावी बंद.

पहिल्याच दिवशी मी फोरमनला विचारलं होतं की टाकीत अजून जागा आहे, मग बंद का करायचं. त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, हा गॅस आत पाण्यासारखा पातळ असतो. ऊन लागलं की फुगतो. पाचातला एक भाग रिकामा ठेवला तर त्याला फुगायला जागा मिळते, नाही ठेवला तर तो लोखंड फाडून जागा करतो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत जातो. मी मान हलवली. बारा माणसांच्या खोलीवर परत येताना मनात म्हणालो, आण्णांना हे सांगितलं तर ते म्हणतील, कंपनी लबाड आहे.

आणि तरी मीच तसल्या टाक्या वालूरला नेल्या. हे कबूल करायलाच मी लिहायला बसलोय, तेव्हा आडपडदा ठेवत नाही. घर सोडून इतकी वर्षं झाली होती, दोन वर्षांत एकदा जाणं व्हायचं, आणि दर वेळी मायनं सगळं माझ्याच पानात वाढलेलं बघून लाज वाटायची. मनिऑर्डरनं ती लाज जाईना. मग मोडीच्या बाजारात मला चार छोट्या टाक्या दिसल्या, कळशीएवढ्या, हातात धरून नेण्यासारख्या. वर जाळी बसवली की लखलखीत दिवा. पंप मारायला नको, वात नको, काजळी नको. मला वाटलं, आपण नाही तर नाही, निदान आपल्या हातची काहीतरी चीज घरात उजेड पाडील. त्या टाक्यांना दाब वाढला की आपोआप सुटणारी झडप नव्हती. मला ते दिसलं होतं. मी स्वतःला म्हणालो, वजन करून भरल्या तर झडपेची गरजच काय.

दिवाळीला मी त्या घेऊन गेलो. एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं कारखान्यातली मोठी भरलेली टाकी जालन्यापर्यंत आणून दिली, संपली की बदलून द्यायचंही कबूल केलं. हे नियमात बसणारं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. दुकानामागच्या मोकळ्या आवारात मी लाकडी घोडा केला, मोठी टाकी त्यावर उलटी बांधली, खाली छोटी ठेवली, मध्ये नळी. सांध्यांना रिठ्याचा फेस लावून बुडबुडा येतो का ते कसं बघायचं हे शिकवलं. आण्णा ते झटक्यात शिकले, माझ्यापेक्षा हात हलका होता त्यांचा. मग मी नदीतला एक दगड घेतला, टाकी बरोबर जितकी भरायची तितक्या वजनाचा घासून घासून केला, आणि दुकानाच्या तराजूच्या पारड्यात ठेवला. म्हणालो, या दगडाला टाकी तोलली की बंद.

आण्णांनी भरलेली टाकी उचलून कानाशी हलवली. आतून खळखळ आवाज आला.

"हे वाजायलंय की रे," ते म्हणाले. "म्हंजी अपुरं हाय."

"पाचवा भाग रिकामाच ठेवायचा असतो, आण्णा."

"अन् तो पाचवा भाग कुणाचा?"

मी फोरमनचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मायला हाक मारून त्यांनी तो दगड दाखवला, म्हणाले, "तुज्या लेकानं मुंबईहून माप आणलंय." माय हसली, मीही हसलो. मला वाटलं, पटलं.

वैशाखात पत्र आलं. पोस्टातून यायला त्याला पाच दिवस लागले होते. आण्णांचं अक्षर, वर नेहमीचा आशीर्वाद, मग पाऊसपाणी, मग हे: 'तुझा दगड आता काढून ठेवला आहे. गिऱ्हाईक टाकी हलवून बघते व आवाज आला की आपल्याकडे संशयाने पाहते. इतक्या वयात मला कोणी मापचोर म्हणू नये. आता युक्ती सापडली आहे. छोटी टाकी ओल्या पोत्यात गुंडाळून गार केली की पुष्कळ भरते. बिलकुल आवाज येत नाही. लगीनसराई जोरात आहे, येत्या पंचमीला चारठाण्याच्या लग्नाचे बोलावणे आहे.'

युक्ती खरी होती, हेच वाईट होतं. गार टाकीत जास्त उतरतं, हे कारखान्यात आम्हाला कुणी मुद्दाम सांगत नसे. आण्णांनी ते स्वतःच्या अकलेनं शोधून काढलं होतं, गिऱ्हाइकाला पूर्ण माप मिळावं म्हणून. पंचमी परवावर आली होती. मी फोरमनला घरचं कारण सांगितलं, पितळी पाना कमरेला खोचला आणि मनमाडची गाडी धरली. तार करायचा विचार आला होता, पण तारेत काय लिहिणार? 'टाक्या हलवू नका' म्हणावं तर आण्णा त्या सुतळीनं घट्ट बांधून उन्हात ठेवतील. मला माझी माणसं ठाऊक होती.

सेलूला उतरून वालूर गाठेपर्यंत सकाळ तापली होती. दुकानाला कडी. माय ओट्यावर निवडत बसलेली. मला बघून तिच्या तोंडावर आनंद आला तो माझं तोंड बघून तिथंच थांबला.

"आण्णा?"

"पहाटंच गेले गाडी जुपून, चारठाण्याला. दोन टाक्या नेल्या. दोन आत हायत, रांजणापाशी."

"चुलीत विस्तव आहे?"

"डाळ शिजायलीय."

"विझव."

तिनं कारण विचारलं नाही. कळशी उचलली आणि सगळी चुलीवर ओतली, डाळीसकट राखेचा चिखल झाला. न कळवता आलेला लेक दारातूनच हे बोलतो आणि माय ते ऐकते, यावर मी नंतर फार विचार केलाय. रांजणाजवळच्या दोन्ही टाक्या मी हलवल्या. आवाज नाही. एकेक करून मागच्या मळ्यात नेल्या, वाऱ्याच्या खालच्या अंगाला कुणी नाही हे बघून चावी केसभर सोडली आणि पुन्हा खळखळ वाजेपर्यंत सोडतच राहिलो. या दोन्ही सावलीत होत्या, म्हणून शहाण्यासारख्या वागल्या.

शेजाऱ्याची सायकल घेतली. चारठाण्याची वाट तुम्ही पाहिलीय, वैशाखात त्या काळ्या रानाला भेगा पडतात आणि झाड म्हणावं असं मैलभर दिसत नाही. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. पहाटे गार भरलेली टाकी, गाडीवर चार तास ऊन, मग मांडव. दर वळणावर मला वाटत होतं की आता आवाज ऐकू येणार. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. आण्णा गेले तर मी त्यांना मारलं असं होणार होतं, आणि ते एकटे जाणार नव्हते.

जुन्या देवळापलीकडे मांडव पडला होता. मुहूर्त गोरजाचा, दिवस अजून चांगला वर होता. आण्णांनी दोन्ही टाक्या मांडवाच्या तोंडाशी लाकडी चौरंगावर मांडल्या होत्या, उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. लोकांनी त्यांना कुंकू लावलं होतं. चौरंगापासून दहा पावलांवर मोठं चुलाण धडधडत होतं आणि आचारी बुंदी पाडत होता. आण्णा पटका बांधून खांबाला टेकून बसले होते, समाधानानं.

मी टाकीला हात लावला आणि मागं घेतला. चटका बसला. बोटानं हलकं ढकललं तर टाकी डुगडुगली. बूड फुगलं होतं. लोखंडाचं बूड.

"कामून आलास? न कळवता?" आण्णा उठून आले.

"चुलाण विझवायला सांगा आधी. आणि माणसं मागं घ्या."

"याड लागलंय का? बुंदी पडायलीय."

"आण्णा, टाक्या जास्त भरल्यात."

आजूबाजूला पाव्हणे होते, नवरीचा बाप सोपानराव होता, आणि माझा बाप चाळीस वर्षं माप देत आलेला माणूस होता. आवाज खाली आणून ते म्हणाले, "जास्त दिल्यानं कुनी मेलंय का रे आजवर?"

मला रडू यायचं बाकी होतं. मी त्यांचा हात धरला, उजवा, आणि पटक्याचं टोक मध्ये घालून त्या टाकीच्या बुडाखाली नेला. आण्णांनी आयुष्यभर मापांची बुडं तपासली होती. चेपलेलं, फुगवलेलं, आतून लाख लावलेलं माप ते डोळे मिटून ओळखत. बोटं बुडावरून एकदा फिरली. त्यांचा चेहरा असा बदलला की तसा तो मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"ह्ये सकाळी सपाट व्हतं," ते म्हणाले.

मग ते आचाऱ्याकडे गेले. आचारी ऐकेना, कढईत पाक आहे, गाव जेवायचंय, सोपानराव मला फाडून खाईल म्हणाला. आण्णा सोपानरावांसमोर जाऊन उभे राहिले. "माज्या हातनं चूक झालीय. मी मापाचा मानूस हाय, शब्दावर इश्वास ठिवा. चुलाण विझवा, लेकरं-बाया देवळामागं न्या." सोपानरावांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वतः घागर उचलली. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर त्या दिवशी चुलाण विझलं नसतं, माझ्या तर नाहीच.

ओली पोती आणली, दोन्ही टाक्यांवर पाणी ओततच राहिलो. वाफ निघाली. मग एक मी उचलली, एक त्यांनी, लेकरू घेतल्यासारखी छातीशी. वाऱ्याच्या खालच्या बाजूला नांगरून टाकलेलं रान होतं, तिथवर चालत गेलो. ढेकळांत पाय अडकत होते. पडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

माझी टाकी मी ठेवली, चावी केसभर फिरवली. वायू यायच्या जागी पातळच गॅस फुसफुसत बाहेर आला, पांढरं धुकं जमिनीवरून सरकत दूर गेलं. हळूहळू आवाज बारीक झाला. हलवली तर आत खळखळलं.

दुसरीची चावी फिरेना. फुगण्यानं की गंजानं, ती बसून गेली होती. बूड गोल झालेलं, टाकी उभी राहीना, पान्याला जोर लावला की ती गरगर फिरायची. "मी धरतो," आण्णा म्हणाले. "नको," म्हणालो. त्यांनी धरलीही होती, डाव्या हातानं पोटाशी, उजव्यानं चावीच्या मानेला. मी जोर लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चावी सुटली ती नको तितकी सुटली, आणि पांढरा फवारा थेट त्यांच्या उजव्या हातावर आला.

"सोडा, आण्णा."

"आपटंल. दगड हायत खाली. तू मुकाट चावी बसव."

चावी बसेना, गॅसनं ती इतकी गार झाली होती की पाना निसटत होता. ते धरून होते. वैशाखाच्या उन्हात माझ्या बापाच्या हातावर हिव जमत होतं, बोटं चुन्यासारखी पांढरी होत होती आणि मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर बसून पाना लावत होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. चावी अर्धी बसली, फवारा बारीक झाला, उरलेलं आपलं आपण निघून गेलं. आण्णांनी टाकी कानाशी नेऊन हलवली.

"वाजायलीय," म्हणाले, आणि खाली बसले.

लग्न जुन्या गॅसबत्त्यांवर लागलं. बुंदी अर्धी कच्ची राहिली, त्यावरून पाव्हण्यांनी कुरकुर केली आणि दोन दिवसांनी विसरले. जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघून विचारलं, विस्तवात घातला का. मी म्हणालो, थंडीनं भाजलाय. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं. हात राहिला, पण करंगळी आणि शेजारचं बोट कायमचं बधिर झालं. शीग चढवताना हात कलायचा आणि दाणे भलतीकडे सांडायचे. मायनं एकदा मापाला हात घातला तर त्यांनी तिला बाजूला केलं.

त्या चारही टाक्या मी वालूरलाच रिकाम्या करून चाव्या काढून टाकल्या. फुगक्या बुडाची अजून घरी आहे, उभी राहत नाही, कणगीला टेकवून ठेवलेली आहे. मोठी टाकी मी परत नेली आणि फोरमनला सगळं खरं सांगितलं. त्यानं महिनाभर मला भरण्याच्या कामावरून काढून झाडायला लावलं. मी तक्रार केली नाही. त्यानं कामावरूनच काढलं असतं तरी चाललं असतं.

दवाखान्यातून आल्यावर मी तीन आठवडे वालूरला राहिलो, घर सोडल्यापासून इतका सलग कधीच राहिलो नव्हतो. निघायच्या सकाळी आण्णांनी पुन्हा लवकर दुकान उघडलं. मला वाटलं, ज्वारी. पण मायनं तुपाचा डबा आणून ठेवला होता, उन्हाळ्यानं पातळ झालेला. तिची सवय झाकणापर्यंत भरायची, अगदी झाकणाला तूप लागेपर्यंत. आण्णांनी डाव्या हातानं त्यातलं थोडं काढलं, झाकण लावलं, आणि डबा माझ्या कानाशी हलवला. आत खळखळलं.

मी म्हणालो, "आण्णा, तुपाला काही होत नाही. तूप काठोकाठ चालतं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. डबा खाली ठेवला. मग तो अवघडलेला हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "दत्तू, तू गेल्यापून घर असंच वाजतंय. तुजी माय रोज ऐकती, मी बी ऐकतो. ते बंद व्हावं म्हनून तू काय काय धाडलंस. आता काय धाडू नगंस. तुजी जागा रिकामीच ऱ्हाऊ दे. तू येत जा."

आज मी इतक्या वर्षांनी हे लिहितोय तेव्हा आण्णा नाहीत, मायही नाही, आणि मी मुंबईत जन्मभर टाक्या भरून म्हातारा झालो. जे गाव सोडून गेले त्यांना मी एवढंच सांगेन, माझं काही तुमच्यापेक्षा वेगळं झालं नाही. घरात आपली एक रिकामी जागा असते, ती आपल्याला सहन होत नाही, म्हणून आपण ती वस्तूंनी भरत सुटतो. आण्णांनी टाकी काठोकाठ भरली ते इमानानं, आणि मी ते घर काठोकाठ भरायला निघालो तेही इमानानंच. वालूरला गेलो की अजून पहिल्यांदा कणगीपाशी जातो, ती फुगक्या बुडाची टाकी हातात घेतो, हलवतो. ती पूर्ण रिकामी आहे, तिच्यातून काही वाजत नाही. मग ती होती तशी टेकवून ठेवतो आणि चुलीपुढं, जिथं माय बसायची तिथं, थोडा वेळ बसतो.